बासष्टाव्या वर्षी भुईनळा: लाजायचं की शिकवायचं?

ताई, नमस्कार.

माझं वय ६२. आम्ही वाळवा तालुक्यातले. मिस्टर गेल्यावर दोन वर्षं गावीच काढली, मागच्या जूनपासून मुलाकडे बाणेरला असते. मला एक विचित्र हौस आहे, फटाक्यांची. वाजणारे नव्हेत, शोभेचे. आमच्या जत्रेत छबिना निघाला की रात्री दारूकाम व्हायचं. औट वर जाऊन फुटला की सगळं गाव तोंड वर करून उभं. लग्नाआधी बघितलं, लग्नानंतर पोरं कडेवर घेऊन बघितलं. दिवाळीत भुईनळे मीच लावायचे, दिरांना हात लावू द्यायचे नाही.

इथे सोसायटीच्या ग्रुपवर दसऱ्यापासूनच ‘फटाकेमुक्त दिवाळी’चे मेसेज सुरू होतात. नातीला दमा आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, या वयात काय हे? लोक काय म्हणतील?’ मी गप्प बसले. पण गेल्या दिवाळीत मागच्या मोकळ्या जागेत एक भुईनळा लावलाच, तर दोघं येऊन चिकटली. एक चौथ्या मजल्यावरची, चाळिशीची, नोकरीवाली. म्हणाली, ‘मी आयुष्यात स्वतः एकही फटाका लावलेला नाही, शिकवाल?’ दुसरा इंजिनिअरिंगचा पोरगा. व्हिडिओ बघून बघून त्याला सगळं माहीत. तो म्हणतो, ‘आजी, आपण घरीच बनवू, सोपं असतं.’ आता दिवाळी जवळ आली आणि दोघं विचारतायत, कधी बसायचं? मी लाजू की शिकवू? आणि शिकवायचं तर काय?

– भुईनळा, बाणेर

प्रिय भुईनळाताई,

टोपणनाव तुम्हीच घेतलंय, मी फक्त ताई जोडलं. तुम्ही माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या आहात, तेव्हा मला ताई म्हणणं आजपासून बंद.

लाजायचं का, हा प्रश्न आधी मिटवू, कारण त्यात फारसा दम नाही. बासष्टाव्या वर्षी कुणी बोन्साय करतं, कुणी पोस्टाची तिकिटं चिकटवत बसतं. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ गेली वीस वर्षं जुन्या कुलपांच्या मागे आहेत, किल्ल्या नसलेल्या. त्यांना कुणी ‘या वयात काय हे’ म्हणत नाही. लोक काय म्हणतील म्हणाल, तर लोक म्हणणारच. पुण्यात तो हक्क आहे आणि तो बजावल्याशिवाय कुणाला जेवण जात नाही.

पण तुमच्या मुलानं दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यात, त्या वेगळ्या काढा. लोक काय म्हणतील ही एक, आणि नातीचा दमा ही दुसरी. पहिलीकडे खुशाल दुर्लक्ष करा. दुसरीवर मी पुढे येते, आणि तिथे मी तुमच्या बाजूनं नाही, नातीच्या बाजूनं आहे. आत्ताच सांगून ठेवते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘सगळं गाव तोंड वर करून उभं.’ ताई, तुम्हाला फटाके लावण्याची हौस आहे असं तुम्हाला वाटतंय. तुम्हाला हौस आहे बघण्याची. या दोन हौशी वेगळ्या आहेत आणि गल्लीगल्लीत भांडणं होतात ती हा फरक न कळल्यामुळे. सुतळी बॉम्ब लावून कानात बोटं घालून पळणाऱ्याला काहीच बघायचं नसतं. त्याला दुसऱ्याला दचकवायचं असतं. माझ्या हिशेबी ती आतषबाजीच नाही, ती नुसती खोडी आहे. सवाई गंधर्वला मांडी घालून बसणारी हजारो माणसं काही गात नाहीत, पण सूर कुठे लागला आणि कुठे निसटला हे त्यांना कळतं. तुम्ही त्यातल्या आहात. दारूकामातल्या दर्दी.

आणि ही हौस या शहराला नवी नाही. पेशव्यांच्या बखरीत एक हकिकत आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना सांगतात, की राजस्थानातल्या कोट्याला दिवाळीचे चार दिवस लाखो दिवे लागतात आणि तिथला राजा गावाबाहेर ‘दारूची लंका’ करतो. म्हणजे दारूचा रावण, दारूचे राक्षस, दारूचा मारुती, आणि शेपटी पेटली की मारुती उड्या मारत लंका जाळत सुटतो. पेशव्यांनी ऐकलं आणि हट्ट धरला, मला बघायचीय. महादजींनी पंधरा दिवसांत तयारी केली, आणि एका काळोख्या रात्री पेशवे, सरदार आणि सगळं पुणं पर्वतीच्या टेकडीवर जमून दारूची लंका बघत बसलं. बखरकार वर्णनात हात आखडता घेत नाहीत हे धरून चालू, तरी यातली बसण्याची जागा बघा. लावणारे खाली, बघणारे पर्वतीवर. अंतर राखून आणि उंचावरून. ही हकिकत भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी उजेडात ठेवली. भारतातल्या आतषबाजीचा इतिहास या पुण्यातल्या माणसानं संस्कृत पोथ्या, बखरी आणि प्रवासवर्णनं धुंडाळून लिहिला. १४४३ साली विजयनगरला महानवमीचं दारूकाम बघून थक्क झालेला, हेरातहून आलेला वकील अब्दुर रझाक त्यात आहे. इंजिनिअरिंगच्या पोराला व्हिडिओंमधून वेळ मिळाला तर त्याला ग्रंथालयात पाठवा.

आता काय शिकवायचं ते. एकच गोष्ट शिकवा: एक भुईनळा कसा बघायचा.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कारखाना १८६९ चा, आणि अण्णांची शिस्तही तेवढीच जुनी. कामावर जाताना खिशात काडेपेटी न्यायची नाही, हे त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की घरी देवापुढे दिवा लावायलासुद्धा काडेपेटी आईकडे मागायचे. दिवाळीत आजूबाजूची पोरं हजाराची माळ लावायची, आमच्याकडे मोजून तीन भुईनळे. एक नरक चतुर्दशीला, एक लक्ष्मीपूजनाला, एक भाऊबीजेला. आम्हाला तेव्हा हा कद्रूपणा वाटायचा.

अंगण झाडून पाणी शिंपडलेलं. मधोमध सपाट वीट. अण्णा भुईनळा तळहातावर घेऊन आधी उलटा करायचे आणि खालचं मातीचं बूच अंगठ्यानं दाबून बघायचे. मग बाजूनं बोट फिरवायचे. बूच सैल लागलं किंवा मडक्याला केसाएवढी चीर दिसली, की तो भुईनळा थेट पाण्याच्या बादलीत. आमचा जीव तुटायचा, कारण तीनाचे दोन व्हायचे. पण चीर गेलेला भुईनळा वर उडत नाही, आडवा फुटतो. खापऱ्या कुठे जातील ते त्या खापऱ्यांनाच माहीत. पास झालेल्या भुईनळ्याच्या तोंडावरचा कागद ते नखानं अलगद सोलायचे. उदबत्ती वेताच्या लांब काठीला दोऱ्यानं बांधलेली. ती बाजूनं लावायची, भुईनळ्यावर वाकून नाही, आणि चेहरा वळवलेला. ‘लागला,’ म्हणाले की पाच पावलं मागे. पाठ फिरवून पळायचं नाही, भुईनळ्याकडे बघत मागे सरकायचं.

आधी नुसती सुरसुर आणि बोटभर लालसर तुरा. हे कोळशाचे कण. मग तुरा वाढायला लागतो, गुडघ्याएवढा, कमरेएवढा, माणसाएवढा. का वाढतो? कारण मडक्याचा गळा अरुंद असतो आणि पोट रुंद. आग गळ्यातून पोटात उतरते तशी एका वेळी जास्त दारू जळते, जोर वाढतो. मधल्या टप्प्यात सोनेरी ठिणग्या येतात. नीट बघितलंत तर त्यातली एकेक ठिणगी विझताना टोकाला फुटते आणि तिला छोटा फाटा येतो, चिंचेच्या डहाळीसारखा. ते लोखंडाच्या किसाचं काम. त्या लोखंडातला कार्बन जळताना कण फोडतो म्हणून तो फाटा. फुलबाजीतही हीच गंमत असते. पांढऱ्याशुभ्र, चटकन चमकून जाणाऱ्या ठिणग्या अॅल्युमिनिअमच्या किंवा टायटॅनिअमच्या. शेवटी भुईनळा एकदा खोकतो, तुरा खाली बसतो, आणि अंधारात मडक्याच्या तोंडाशी एक लाल डोळा तेवढा उरतो. तो विझेपर्यंत अण्णा हलायचे नाहीत. मग एकच वाक्य: ‘मधे एकदा श्वास अडकला त्याचा. दारू सारखी ठासलेली नव्हती.’

मी त्यांच्यासारखी कान देऊन आणि डोळे फाडून बघायला शिकले तेव्हा कुठे कळलं, की तीन भुईनळे पुष्कळ होते.

तर तुमची बैठक अशी. एका संध्याकाळी एक भुईनळा, फार तर त्याच्या सोबतीला एक भुईचक्र. आधी हातात घेऊन बघायचं, मग लावायचा, मग दहा मिनिटं त्यावर बोलायचं. किती सेकंद चालला, कुठपर्यंत गेला, रंग कधी बदलला, धूर कुठल्या दिशेला गेला. एक वही ठेवा. चौथ्या मजल्यावरची नोकरीवाली आहे, तिला तक्ते करायची सवय असेलच, वही तिच्याकडे द्या. पुढच्या वर्षी तोच भुईनळा आणलात की मागचं पान उघडून ताडून बघता येतं. माणूस नवा असला की त्याला खूप दाखवावंसं वाटतं, मला तो मोह माहीत आहे. पण पहिल्याच दिवशी दहा प्रकार उडवले की त्याच्या हातात उरतो तो नुसता धूर.

रंगांचं थोडं सांगून ठेवा, पोराला आवडेल. लाल स्ट्रॉन्शिअमचा, पिवळा सोडिअमचा, हिरवा बेरिअमचा, निळा तांब्याचा. यातला निळा सगळ्यात अवघड. तांब्याचा क्लोराइड निळा उजेड देतो खरा, पण आग थोडी जास्त तापली की तो मोडतो, आणि थोडी कमी पडली की उजेडच येत नाही. त्या मधल्या चिंचोळ्या जागेत राहणं जमलं तर निळा. म्हणून जगभरचे दर्दी निळ्यावरून कारागीर पारखतात. आपल्याकडचे बहुतेक ‘निळे’ फटाके मला जांभळट राखाडीच वाटले आहेत. हिरव्याची गंमत वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशानं बेरिअमच्या क्षारांवर बंदी आली. म्हणजे हल्ली ‘हरित’ (म्हणजे कमी प्रदूषणाच्या) फटाक्यात झगझगीत हिरवा रंग दिसला, तर तो हरित आहे का अशी शंका घ्यायला हवी. असं वाक्य लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

चौथ्या मजल्यावरच्या बाईंबद्दल. चाळीस वर्षांत एकही फटाका लावलेला नाही म्हणजे घरात भाऊ असणार. भावांनी बाण लावायचे आणि बहिणींनी फुलबाज्या गोल फिरवायच्या, हा सगळ्या महाराष्ट्राचा अलिखित नियम होता. तुम्ही दिरांना हात लावू देत नव्हतात हे वाचून मला किती बरं वाटलं सांगू! गंमत म्हणजे ज्या फुलबाजीला आपण ‘मुलींची’ म्हणून बिनधोक समजायचो, तिचं टोक हजार अंशांच्या वर तापतं आणि विझल्यावरही ती तार कितीतरी वेळ चटका देण्याजोगी राहते. दिवाळीत दवाखान्यात येणाऱ्या पोरांच्या पावलांचे फोड बघा, टाकून दिलेल्या तारेवर पाय पडलेला असतो. तेव्हा पाण्याच्या दोन बादल्या ठेवा, एक फक्त तारांसाठी. सुती कपडे, साडी असेल तर पदर खोचून, ओढणी घरी ठेवून, पायात बंद चपला, डोळ्यांवर चष्मा. हाताला सॅनिटायझर लावून कुणीही उदबत्तीजवळ यायचं नाही, ते जळतं.

न लागलेल्या भुईनळ्याशी कसं वागायचं हा परीक्षेचा खरा प्रश्न आहे. तिथेच सगळे नापास होतात. वात विझलीशी वाटली म्हणून लोक वाकून फुंकर मारायला जातात. बाईंना सांगा, नाही लागला तर आपण वर जायचं, चहा टाकायचा, सावकाश प्यायचा, आणि खाली येऊन लांबून त्याच्यावर पाणी ओतायचं. पुन्हा लावायचा नाही. भाजलंच कुणाला तर नळाचं गार पाणी वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, आजीबाईचा बटवाही नको (तुम्हाला उद्देशून नाही म्हटलं). डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

आता तुमचा इंजिनिअर. त्याला माझ्याकडून सरळ नाही म्हणून सांगा, आणि गोड बोलून सांगू नका. शोभेची दारू बनवायला १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली परवाना लागतो, घरात बनवणं गुन्हा आहे. त्यावर तो म्हणेल, कोण बघतंय? तर कायदा बाजूला ठेवू. सोरा, गंधक, कोळसा ही नावं त्याला पाठ असतील. पण दारूला पेटायला काडी लागतच नाही, हे व्हिडिओत दाखवत नाहीत. घासलं तरी पेटते, आपटलं तरी पेटते, आणि पॉलिएस्टरचा शर्ट घालून कोरड्या हवेत वावरताना अंगावर जी वीज साठते ना, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो ती, तेवढीही कधी पुरते. शिवकाशीकडच्या कारखान्यांत जन्म घालवलेली, परवानेवाल्या छपरांखाली काम करणारी माणसं दरवर्षी होरपळतात. त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं बाणेरच्या किचन ओट्यावर वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. क्लोरेट नावाचं रसायन आणि गंधक एकत्र करण्यावर तर आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, कारण ते मिश्रण माणसाला सूचना देत नाही.

मी अनुभवानं बोलतेय. मी नऊ वर्षांची, भाऊ अकराचा. पाडव्याच्या सकाळी आम्ही गल्लीतले न वाजलेले लवंगी गोळा केले, सोलले, दारू वर्तमानपत्रावर काढली आणि त्याला कोपऱ्यातून काडी लावली. फुस्स होणार होतं. झालं ते एवढ्या झटक्यात, की मी भावाकडे बघितलं तेव्हा त्याला भुवया नव्हत्या. अण्णा घरी आले, त्याचा चेहरा हातात धरून डोळे तपासले, आणि काही न बोलता पायरीवर जाऊन बसले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. भावाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर ती कातडी आजही चकचकीत आहे.

पोराला खरंच यात गती असेल तर या गावात रस्ता आहे. सुतारवाडीला हाय एनर्जी मटेरिअल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे, तुमच्या बाणेरपासून किती लांब? तिथे शास्त्रज्ञ रॉकेटच्या इंधनावर आयुष्य काढतात. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्राच्या पेसो या संस्थेचं मुख्यालय नागपुरात, आणि हरित फटाक्यांची सूत्रं काढणारी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्थाही नागपूरचीच. म्हणजे हे शिकण्याचं, नोकरीचं, संशोधनाचं काम आहे. तोवर त्याला फोटो काढायला लावा. कॅमेरा तिकाटण्यावर, शटर चार-पाच सेकंद उघडं, आणि मग भुईनळ्याची प्रत्येक ठिणगी रेघ होऊन उमटते. कुठल्या रेघेला फाटा आहे आणि कुठलीला नाही हे त्यालाच शोधू दे. ऑनलाइन फटाके मागवायची हुक्की त्याला येईल, तीही मोडा, २०१८ पासून त्यालाही बंदी आहे. आणि ‘शिवकाशीहून रेल्वेनं आणतो’ म्हणाला तर सांगा, रेल्वेत फटाके नेले तर तुरुंगही होऊ शकतो.

नातीकडे येते. पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशननं काही वर्षांपूर्वी सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला होता. सगळ्यात घाण कोण निघालं? नागगोळी. जी आपण ‘काही होत नाही तिला’ म्हणून दोन वर्षांच्या पोरासमोर लावतो, ती. तिच्या धुरातले बारीक कण घनमीटरला चौसष्ट हजार मायक्रोग्रॅमच्या वर गेले. त्याखालोखाल माळ. भुईनळा सहांत शेवटचा, पाच हजारांच्या आत. तुम्हाला आनंद झाला असेल, पण थांबा. दिवसभराच्या हवेसाठी आपली मर्यादा आहे साठ. म्हणजे तुमचा लाडका भुईनळाही जळतानाच्या त्या मिनिटात दमेकरी पोरीच्या जवळ नको.

दिवाळीच्या सुमाराला रात्री हवा गार आणि पडलेली असते, धूर वर जातच नाही, पायाशी लोळत राहतो. म्हणून बैठक नातीच्या खिडकीपासून लांब, वारा धूर तिच्यापासून दूर नेईल अशा बाजूला, आणि बाहेर आधीच धुरकट असेल तर त्या दिवशी नाहीच. हे तुम्ही ठरवायचं नाही, तिच्या डॉक्टरांना विचारायचं. त्यांनी अजिबात नको म्हटलं तर त्यावर अपील नाही. वर आल्यावर कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच तिला जवळ घ्या. पण तिला यातून वगळू नका. बंद खिडकीमागे, दिवे घालवून, लांबचे औट मोजायचं काम तिचं. उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. सहा सेकंद आले की सहाला तीननं भागायचं. नकाशा हातात द्या, कुठे उडतायत ते तीच सांगेल. आमच्या घरात हा खेळ एक वर्ष सुरू झाला आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळी वरात खिडकीशी.

सोसायटीचं काय? भांडू नका. ग्रुपवर उत्तर तर मुळीच लिहू नका, तिथे कुणाचंही मत आजवर बदललेलं नाही. सेक्रेटरींना प्रत्यक्ष भेटा आणि सांगा: आम्ही तिघी-तिघं, अमुक दिवशी, एक भुईनळा, आवाज नाही, कचरा आम्ही उचलणार. वेळ आठ ते दहाच्या आतली, ती न्यायालयानंच घालून दिलेली आहे. यंदाचा पोलिस आयुक्तांचा आदेश निघाला की तोही वाचा. दवाखाना शंभर मीटरच्या आत असेल तर जागा बदला. ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांना आदल्या दिवशी दार वाजवून कळवा. आणि खरेदी परवाना दर्शनी लावलेल्या स्टॉलवरून, खोक्यावरचा नीरीचा क्यूआर कोड बघून. लोकांचा राग बहुतेक वेळा फटाक्यावर नसतो, न विचारता लावल्यावर असतो. सगळ्यांचा नाही म्हणत मी. काहींचा फटाक्यावरच असतो, आणि त्यांचंही काही चुकत नाही.

एकच आणखी, तुम्ही एकट्या नाही आहात म्हणून. जपानमधल्या ओमागारी गावात १९१० पासून कारागिरांची आतषबाजीची स्पर्धा भरते आणि माणसं नदीकाठी सतरंज्या टाकून परीक्षकांसारखी बघतात. वर फुटल्यावर ठिणग्या मागे शेपटी ठेवत उमलल्या तर त्याला ते शेवंती म्हणतात. अमेरिकेत हौशी लोकांचा संघ १९६९ पासून आहे. पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते जपानचं सेन्को हानाबी. पिळलेल्या कागदाच्या टोकाला चिमूटभरही नाही एवढी दारू. ती लावली की टोकाशी तांबड्या वितळल्या थेंबाचा एक मणी तयार होतो, थरथरतो, आणि त्यातून पाइनच्या सुयांसारख्या बारीक ठिणग्या निघतात. मोठी माणसं उकिडवी बसून, श्वास रोखून, कुणाचा मणी आधी गळतो ते बघतात. हात हलला की गळला. आवाज नाहीच. तुमच्या गावच्या औटापुढे हा काहीच नाही, आणि तरी तुम्ही तो बघत बसाल याची मला खात्री आहे.

यंदा वसुबारसेच्या आधीच एका संध्याकाळी तिघांना नुसतं बोलवा, काही न लावता. एक भुईनळा चहाच्या ट्रेमध्ये मधोमध ठेवा आणि प्रत्येकाला तो उलटा करून बूच दाबून बघायला सांगा. पोरगा म्हणेल, एवढंच? म्हणू दे.

आणि लक्ष्मीपूजनाला उदबत्तीची काठी चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या हातात द्या. तुमचा हात शिवशिवेल. तुम्ही बादलीपाशी उभ्या राहा.